इन्सॉल्व्हन्सी

मुदत भरलेले देणे फेडता न येण्याची स्थिती म्हणजे इन्सॉल्व्हन्सी. मराठी कायदेभाषेत नादारी. बातम्यांत तिला सर्रास दिवाळे म्हणतात, पण ते घाईचे आहे. दिवाळखोर हा न्यायालयाने नंतर ठरवलेला दर्जा. नादारी ही त्याआधीची, क्वचित सावरता येणारी अवस्था. ती कुठे तपासायची, हे कर्जदाराच्या कायदेशीर रूपावर ठरते. बडोद्याच्या गोरवा औद्योगिक वसाहतीत लोखंडाची बिले थकलेले दोन शेजारी गाळे घ्या. एक खाजगी मर्यादित कंपनीचा असेल, तर 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद पीठाकडे जाईल, तेही थकबाकी किमान 1 कोटी असल्यास. मार्च 2020 पूर्वी 1 लाख पुरत. दुसरा एकट्या मालकाचा असेल, तर जिल्हा न्यायालय आणि 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. त्यातली मर्यादा 500 रुपयांची!

मालमत्ता देण्याहून जास्त असताना नादार कसे म्हणायचे, हा आक्षेप रास्त वाटतो. पण गाळा आणि लेथ विकून या महिन्याचे पगार भागत नाहीत. म्हणून संहिता ताळेबंदापेक्षा थकबाकीकडे पाहते. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2017 रोजी हेच धरले. 2022 च्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर निकालात मात्र कंपनीचे 1,730 कोटींचे येणे लक्षात घेऊन न्यायाधिकरणाला अर्ज नाकारण्याची मुभा दिली. तो निकाल त्या प्रकरणापुरताच, असे न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले.