बोरघाटाने घेतलेले बळी

बोरघाटातला लोहमार्ग 1863 साली खुला झाला, तेव्हा कौतुक झाले ते 25 बोगद्यांचे आणि 37 फुटांमागे एक फूट या चढाचे. त्या कामावर 1861च्या सुमारास 40,000हून अधिक मजूर होते. दोराला लोंबकळत काळ्या पाषाणात भोके पाडायची, त्यांत दारू ठासून सुरुंग उडवायचा, असे ते काम. म्हणून कडा आणि सुरुंगच जीव घेत असतील असे वाटते. पण बोरघाटात खरा संहार केला तो पटकीने आणि तापाने. 1859 साली आलेला नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल स्वतः काही आठवड्यांतच आजारी पडून गेला. पुढचे कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने निभावले. डोंगराच्या उतारावर हजारो माणसे झोपड्यांत दाटीने राहिली, तेच पाणी प्यायली आणि तिथेच घाण साचली, तर रोगाला वेगळे निमित्त लागत नाही. माझ्या मते हे बळी डोंगराने घेतलेले नाहीत. मजुरांच्या पाण्याची आणि निवाऱ्याची जबाबदारी कोणावरच टाकली नव्हती, त्या व्यवस्थेने ते घेतले.

यावर कोणी म्हणेल, पटकीचा जंतू तेव्हा कोणाला ठाऊक होता? खरे आहे, जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख त्याच्यापर्यंत पोहोचला तो 1880च्या दशकात. पण दूषित पाण्याकडे डॉक्टर जॉन स्नोने लंडनमध्ये 1854 सालीच बोट दाखवले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इंग्लंडमधल्या वुडहेड बोगद्यावरच्या मजुरांचे हाल पाहून आरोग्यसुधारक एडविन चॅडविकने अपघाताची भरपाई कंपनीकडूनच घ्यावी असा आग्रह धरला होता. 1846मध्ये संसदेच्या समितीने रेल्वेमजुरांच्या अपघातांची आणि राहण्याची चौकशीही केली. शिफारशी कागदावरच राहिल्या, आणि 1849 साली वुडहेडलाच दुसरा बोगदा खणताना पटकीने 28 मजूर गेले. बोरघाटाचे काम सुरू झाले ते यानंतर सात वर्षांनी. म्हणजे धडा समोर होता. तो अमलात आणायचा खर्च कोणालाच नको होता.

मजूर गावी राहिले असते तरी साथीत मेले असते, हा दुसरा आक्षेप. गावातही पटकी येत होती, हे नाकारता येत नाही. पण तिथे एका ओढ्यावर इतकी माणसे आणून बसवलेली नसत. ती कामासाठी गोळा केली होती, आणि ज्याने गोळा केली त्याच्याकडेच त्यांच्या पाण्याची जबाबदारी जाते.

सरकारला मात्र वेगळीच चिंता होती. थकलेल्या मजुरीवरून 1859 साली घाटात दंगा झाला आणि पाठोपाठ 1860चा कायदा आला. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, करार मोडून काम सोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, हा त्याचा रोख. पिण्याचे पाणी, शौचालय आणि तात्पुरता निवारा मालकाने दिलाच पाहिजे असे सांगणारा बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा त्यानंतर 136 वर्षांनी, 1996 साली झाला. तोही अडत राहिला तो जुन्याच जागी: कंपनीखाली कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, मग मुकादम, आणि पाण्याच्या टाकीचे पैसे नेमके कोणाच्या हिशेबात धरायचे, हे टाकी बसण्याआधी ठरत नसे.