दंडाची पट्टी आणि माझी चुकलेली बातमी

परवा एक प्रेसनोट आली. तालुक्यातल्या सॅम बालकांची संख्या गेल्या वर्षीपेक्षा घटली, असं त्यात लिहिलं होतं. पूर्वी अशी नोट आली की दहा मिनिटांत बातमी करून मोकळा व्हायचो. ही मात्र दोन दिवस टेबलावर पडून आहे. कारण याच विषयात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. पोस्ट लांब आहे, पण तालुक्यातल्या पोरांचा विषय आहे, तेव्हा वाचा.

२०१० च्या आसपासची गोष्ट. कुपोषणाचे मासिक आकडे हातात आले. आधीच्या महिन्यांत ‘श्रेणी ३ आणि ४’ची मुलं मोजकीच होती, आणि नव्या कागदावर तीव्र कमी वजनाच्या मुलांचा आकडा कितीतरी पट मोठा. मी ठोकून दिलं, ‘कुपोषणाचा विस्फोट’. पहिल्या पानावर लागली बातमी. दुपारी एका पर्यवेक्षिका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, “भाऊ, पोरं तीच आहेत. फूटपट्टी बदलली.”

खरंच फूटपट्टीच बदलली होती. माझ्या बातमीनंतर काही सेविकांकडून खुलासे मागवले गेले, आणि पुढच्या दोन महिन्यांत आकडे खाली आले. पोरं तीच होती. यावेळी फूटपट्टीही तीच होती. मग कमी काय झालं, ते तुम्हीच समजून घ्या. त्या घसरणीत माझाही हात आहे, हे मला आजही खातं.

तेव्हापासून मी ही मोजमापं कुठून आली हे शोधत गेलो.

सुरुवात वजनापासून झाली. मेक्सिकोचे बालरोगतज्ज्ञ फेडेरिको गोमेझ यांनी १९५६ मध्ये वयाप्रमाणे अपेक्षित वजनाच्या किती टक्के वजन आहे, यावरून मुलांच्या श्रेणी पाडल्या. आपल्याकडे १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच धर्तीवर चार श्रेणी केल्या. अपेक्षित वजनाच्या ५१ ते ६० टक्के असेल तर तिसरी श्रेणी, ५० किंवा त्याहून कमी असेल तर चौथी. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि झोळीत मूल टांगून वजन करणं अंगणवाडीचं नेहमीचं काम झालं. १९९२-९३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हारच्या वावर-वांगणी भागात मुलं दगावली, तेव्हा मी शाळेत होतो. घरी पेपर यायचा, त्यात ‘चौथ्या श्रेणीतील बालक’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले. पुढे पत्रकारितेत आलो तेव्हा त्या श्रेणी मला दगडावरची रेघ वाटायच्या.

या पद्धतीला दोन भोकं होती. एक म्हणजे वय. पाड्यावर आई सांगते, “होळीच्या आधी झाला.” कोणत्या होळीच्या? दोन महिने इकडेतिकडे झाले की श्रेणी बदलते. दुसरं भोक जास्त मोठं. आधीच उंची खुंटलेलं, पण आज अंगणात पळणारं मूल आणि गेल्या महिन्यात हगवणीने वाळून गेलेलं मूल, दोघंही ‘कमी वजन’ याच रकान्यात बसतात. पहिल्याचीही काळजी आहेच, पण या पावसाळ्यात जिवावरचा धोका दुसऱ्याला आहे. वजनाचा तक्ता फेकून द्या असं मी म्हणत नाही. दर महिन्याला वाढ होतेय की थांबलीय, हे त्यातूनच कळतं. पण आज कोणाला आधी उचलायचं, हे तो नीट सांगत नाही.

उत्तर सापडलं दंडात. एक ते पाच वर्षांच्या दरम्यान निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. बाळसं उतरतं, स्नायू वाढतो, गोळाबेरीज सोळा सेंटिमीटरच्या आसपास राहते. म्हणजे नेमकं वय माहीत नसलं तरी काम भागतं. डॉ. डेरिक जेलिफ यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे मोजमाप मांडलं. पण ते खरं कामाला आलं युद्धात. नायजेरियाच्या यादवीत बियाफ्राच्या बाजूला उपासमार सुरू होती आणि समोर हजारो मुलं. प्रत्येकाचं वजन कोण करणार? तिथल्या क्वेकर पथकाने एक काठी बनवली. काठीवर उंचीच्या खुणा आणि प्रत्येक खुणेसमोर दंडाचा घेर. दंड मोजायचा, मूल काठीजवळ उभं करायचं. दंडासमोरच्या खुणेपेक्षा मूल उंच निघालं, तर ते वाळलेलं. १९६९ मध्ये हे छापून आलं.

१९७४ मध्ये शाकिर आणि मोर्ले या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये साधी रंगीत पट्टी सुचवली, लाल, पिवळा, हिरवा. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी. जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन त्याच्या पट्ट्या कापल्या जायच्या. आपल्याकडे तर बांगडी होतीच! आतला व्यास चार सेंटिमीटर असलेली बांगडी मुलाच्या हातात घालायची. ती कोपराच्या वर दंडापर्यंत सरकली की मूल कुपोषित. परिघ काढून बघा, साडेबारा सेंटिमीटर येतो. आजच्या पट्टीवर हिरवा रंग तिथूनच सुरू होतो. मला या सगळ्या इतिहासात ही बांगडीच जास्त आवडते.

पण दंड बारीक म्हणजे जिवाला धोका, हे कशावरून? ते बांगलादेशातल्या मतलब इथे तपासलं गेलं. दोन हजारांवर मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा करून १९८० मध्ये अभ्यास आला, पुढेही आले. दंड ठरावीक मापाच्या खाली गेला की मृत्यूचं प्रमाण एकदम चढतं, असं दिसलं. तीव्र कुपोषणाची रेघ आधी ११ सेंटिमीटरवर होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ती ११.५ वर आणली. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, पण त्या अर्ध्यात येणारी मुलं उपचाराच्या यादीत आली.

आता गंमत बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत अतितीव्र लुकडेपणा १०.९ टक्के निघाला. चौथ्या फेरीत तो ९.४ होता. अंगणवाडीच्या मासिक अहवालातला सॅमचा आकडा याच्या जवळपासही नसतो. लगेच ‘सरकार लपवतं’ म्हणून मोकळं होऊ नका, ती चूक मी करून बसलोय. सर्वेक्षण उंचीच्या मानाने वजन बघतं. दंडाची पट्टी वेगळं काही बघते. दोन्हींत सापडणारी मुलं थोडीफार सारखी असतात, सगळी नाही. शिवाय सर्वेक्षणवाले घरी येऊन मोजतात, अंगणवाडीत जी येतात ती मोजली जातात. स्थलांतरावर वीटभट्टीला गेलेलं मूल कोणत्याच पट्टीखाली येत नाही. तरीही फरकाचा एक भाग उरतोच. तो खुलाशांच्या भीतीचा आहे, असं माझं मत आहे.

गेल्या आठवड्यात एका पाड्यावर सेविकाताईंसोबत बसलो. डावा हात. खांद्याचं टोक ते कोपराचं टोक, बरोबर मध्ये खूण. मग हात सैल सोडायचा आणि पट्टी गुंडाळायची. “आवळली की लाल येतं, ढिली सोडली की हिरवं. माझ्याच हातात आहे सगळं,” ताई हसत म्हणाल्या. मग दोन्ही पावलांवर अंगठा दाबून त्यांनी मनात तीन आकडे मोजले. खड्डा राहिला तर सूज. सुजलेलं मूल काट्यावर भरलेलं दिसतं, म्हणून ही तपासणी चुकवायची नाही. अठरा मुलं झाली. एकोणिसावी दीड वर्षांची मुलगी. ११.२.

आजीने विचारलं, “किती भरली?” तिला अजून वजनच वाटत होतं.

ताईंनी भुकेची चाचणी घेतली, पोरीने दिलेलं खाल्लं. ताप नव्हता, सूज नव्हती. म्हणजे दवाखान्यात भरती न करता गावातल्या बाल विकास केंद्रात आहार देऊन ती सुधारू शकते. २००७ पासून जगभर हीच पद्धत मान्य आहे. त्याआधी मोजून फक्त रुग्णालयाची चिठ्ठी हातात पडायची आणि मजुरी बुडते म्हणून आई ती घडी करून ठेवायची. नायजरमध्ये (नायजेरिया नव्हे, त्याच्या वरचा देश) आयांच्याच हातात ही पट्टी दिली. त्यांनी मोजलेलं बरोबर निघालं, आणि मुलं लवकर उपचाराला आली. मी ताईंना हे सांगितलं. म्हणाल्या, “द्या की. माझ्याकडे एकच आहे, तीही दुमडलेली.”

प्रेसनोट उद्या छापतोय. सोबत मी तीन प्रश्न लेखी पाठवलेत. किती मुलं मोजली? कशाने मोजली, काट्याने की पट्टीने? आणि गेल्या महिन्यात जी सॅम होती, ती मुलं आज कुठे आहेत? पहिल्या दोनांची उत्तरं संध्याकाळी आली. तिसऱ्यासाठी उद्या सकाळी पुन्हा फोन करणार आहे. नाही आलं तर बातमीत ती जागा कोरी ठेवून छापेन.