नांगराचे घोडे

आपल्या बखरींत घोडा येतो तो स्वारासह. नांगराच्या घोड्याची बखर कोण लिहिणार? १८४८ साली न्यूझीलंडमधील ओटागो येथे स्कॉट लोकांची वसाहत झाली आणि मागाहून त्यांच्या क्लाइड खोऱ्यातील क्लाइड्सडेल जातीचे धिप्पाड घोडे तेथे आले. पैदाशीचा घोडा पाळणे लहान शेतकऱ्यास परवडत नसे. म्हणून वसंतात मोतद्दार त्यास शेतोशेत पायी हिंडवी व घोडीमागे दाम घेई. खरी ओढाताण घोडीची! अकरा महिने गाभण राहून ती व्यायची नेमकी नांगरटीच्या दिवसांत. शिंगरू हवे की शेत, हा प्रश्न शेतकऱ्यास पडे. १९११ साली त्या देशात चार लाखांवर घोडे होते. पुढे ट्रॅक्टर आला आणि घोड्यांच्या ओटाखाली अडकलेली जमीन विक्रीच्या पिकांना मोकळी झाली.