घरात सांडलेला पारा

तापाने फणफणलेले मूल, रात्रीची वेळ आणि काखेतून नुकताच काढलेला थर्मामीटर. पारा खाली उतरवण्यासाठी तो झटकताना हात पलंगाच्या कडेवर आपटतो आणि काच फुटते. आमच्या पिढीत हा प्रसंग घडला नाही अशी घरे थोडीच असतील. आमच्याकडे तो घडला तेव्हा काचा अगदी काळजीपूर्वक वेचल्या गेल्या, कारण काच पायात जाते. पाऱ्याचे मोठे थेंब आम्ही भावंडांनी कागदावर गोळा केले, काड्यापेटीत घालून शाळेत नेले आणि तांब्याच्या पैशावर चोळून तो चांदीसारखा चकचकीत करून दाखवला. उरलेले बारीक मणी केरसुणीने लोटले गेले. फरशांच्या सांधीत जे शिरले त्यांचा विचार कोणीच केला नाही. पुढे शिक्षक झाल्यावर आम्हीही वर्गात बशीत पारा ओतला आहे आणि मुलांना त्याला बोट लावू दिले आहे.

थोडक्यात, भीती काचेची आणि कौतुक पाऱ्याचे! पारा विषारी आहे हे माणसाला काही शतकांपासून ठाऊक होते. मग ते ज्ञान आपल्या घराच्या फरशीपर्यंत पोचायला एवढा वेळ का लागला? हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे, कारण त्यात शाळेचाही वाटा आहे.

खाणीतले ज्ञान खाणीतच राहिले

पारा मुख्यतः हिंगुळातून, म्हणजे पारा आणि गंधक यांच्या लाल संयुगातून मिळतो. स्पेनमधील अल्मादेन आणि आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया या त्याच्या युरोपातील दोन मोठ्या खाणी. तेथील कामगारांचे हात कापत, तोंडाला सतत लाळ सुटे, दात हलू लागत. इद्रियाच्या खाणीत १६६५ साली कामाचा दिवस सहा तासांवर आणला गेला. कामगारांच्या आरोग्यासाठी झालेल्या अगदी सुरुवातीच्या नियमांत त्याची गणना होते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा देणारे आणि आरशांना पाऱ्याचा लेप देणारे कारागीर यांच्या व्यथा नोंदलेल्या आहेत.

परंतु हे सारे ‘त्या लोकांचे’ दुखणे मानले गेले. वर्षानुवर्षे पाऱ्यात काम करणाऱ्याला तो बाधतो. घरातल्या चमचाभर पाऱ्याने काय होणार, अशी समजूत राहिली.

याच काळात पारा विज्ञानाचा लाडका झाला. टॉरिसेलीने १६४४ साली वर्णन केलेला वायुदाबाचा प्रयोग पाऱ्यावरच झाला. फॅरनहाइटने १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा भरवशाचा तापमापी बनवला. रोग्याचा ताप मोजण्याचे थर्मामीटर मात्र बराच काळ लांबलचक आणि गैरसोयीचे होते. एकेका नोंदीला वीस मिनिटे लागत. इंग्लंडमधील डॉक्टर टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६-६७ च्या सुमारास सहा इंचांचा, पाच मिनिटांत ताप दाखवणारा थर्मामीटर तयार केला. ही मोठीच सोय झाली. डॉक्टरांच्या बॅगेतून हे उपकरण पुढे घराच्या फडताळात आले आणि त्याबरोबर पाराही घरात आला.

एका रसायनशास्त्रज्ञाची विस्मृती

थोडासा सांडलेला पाराही बाधतो, हे ज्याच्या अनुभवातून जगाला पटले तो माणूस स्वतः नामांकित रसायनशास्त्रज्ञ होता. जर्मनीतील आल्फ्रेड स्टॉक (१८७६-१९४६) हे बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या हायड्रोजनबरोबरच्या संयुगांचा अभ्यास करीत. ही संयुगे हवा लागताच पेट घेत, म्हणून स्टॉक यांनी हवाबंद काचनळ्यांची उपकरणे तयार केली. त्यांतील झडपा, पंप, दाबमापक या सगळ्यांत पारा असे. अशा प्रयोगशाळेत पारा सांडणे हे रोजचेच. तो फटींत जाई आणि तिथेच राही.

स्टॉक यांना प्रथम अधूनमधून डोके दुखण्याचा त्रास होऊ लागला. मग चक्कर, सततची सर्दी, चिडचिड. शेवटी स्मरणशक्तीने दगा दिला. वहीत पाहिलेला दूरध्वनी क्रमांक यंत्रापर्यंत जाईतो विसरायला होई. साधी आकडेमोड जड जाऊ लागली. कित्येक वर्षे कोणालाही कारण उमगले नाही. १९२४ साली बर्लिनचे विषतज्ज्ञ लुई लेविन यांनी पाऱ्याच्या वाफेवर बोट ठेवले. तपासणीत प्रयोगशाळेच्या हवेत पारा आढळला आणि सहकाऱ्यांपैकी काहींनाही तोच त्रास असल्याचे उघड झाले.

१९२६ साली स्टॉक यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर एक लेख लिहिला. आपली विस्मृती आणि आपला चिडका स्वभाव जगापुढे मांडायला धैर्य लागते. ते त्यांनी दाखवले. एवढ्यावर न थांबता त्यांनी अत्यल्प पारा मोजण्याच्या पद्धती विकसित केल्या. या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही, घशाला लगेच टोचणी नाही. जे दिसत नाही आणि जाणवत नाही त्याची भीती मापनाशिवाय कशी वाटणार?

मुले आणि पारा

दुसरा धडा लहान मुलांनी दिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे तान्ह्या मुलांना एक विचित्र रोग होत असे. हातपाय गुलाबी होऊन सुजत, मूल सतत घामेजलेले आणि किरकिरे असे, त्याला उजेड सोसवत नसे. याला ‘गुलाबी रोग’ असेच नाव पडले. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी येथील योसेफ वर्कानी आणि डोनाल्ड हबर्ड यांनी १९४८ साली या मुलांच्या लघवीत पारा आढळल्याचे प्रसिद्ध केले. तो येत होता दात येताना देण्याच्या पावडरीतून. तिच्यात कॅलोमेल हे पाऱ्याचे क्लोराइड असे. पावडर घेणाऱ्यांपैकी थोड्याच मुलांना हा रोग होई, म्हणून संशय यायला उशीर लागला. १९५४ साली ब्रिटनमध्ये या पावडरींतून कॅलोमेल काढून टाकले गेले आणि पुढे रोग जवळजवळ नाहीसा झाला.

पण पुरता नाही. १९८९ साली ओहायो राज्यातच, कोलंबस शहरात, एका पंधरा वर्षांच्या मुलाला हाच रोग झाल्याचे निदान झाले. त्याची बहीणही आजारी होती. शोध घेता कळले की ते कुटुंब ज्या घरात नव्याने राहायला आले होते तेथे आधीच्या भाडेकरूने मोठी बरणीभर पारा सांडला होता. घर स्वच्छ दिसत होते. पण खोल्यांच्या हवेत दर घनमीटरला ५० ते ४०० मायक्रोग्रॅम पारा निघाला. राहत्या घरासाठी तेथे स्वीकारार्ह मानलेली मर्यादा होती अर्धा मायक्रोग्रॅम. सांडणारा निघून गेला, भोगले नंतर आलेल्या मुलांनी.

त्याच वर्षी मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ एका घराच्या तळघरात दातांत भरण्याच्या मिश्रधातूतून चांदी काढण्यासाठी तो वितळवला गेला. त्यातला पारा वाफ होऊन घरभर पसरला आणि घरातील चारही माणसे दगावली. उष्णतेने पाऱ्याचा धोका किती पटींनी वाढतो याचे हे दारुण उदाहरण होय.

शाळेचे उदाहरण २००३ सालचे. वॉशिंग्टन शहरातील एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतून सुमारे पाव लिटर पारा मुलांच्या हाती लागला आणि वर्गांतून सांडला गेला. बूट आणि कपडे यांवाटे तो मुलांच्या घरीही पोचला. शाळा महिन्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागली आणि कित्येक घरे साफ करावी लागली. सुरुवात झाली होती ती कुलूप न लावलेल्या बाटलीपासून आणि पाऱ्याच्या कौतुकापासून.

एका थेंबाचे गणित

वर्गात करून घेता येईल असा एक हिशेब पाहू. ताप पाहण्याच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्याने एक ग्रॅमचा थेंब जेमतेम पाच मिलिमीटर व्यासाचा होईल. तो फरशीवर फुटून अर्ध्या मिलिमीटरचे हजार मणी झाले, तर एकूण पृष्ठभाग दहापट होतो. वाफ पृष्ठभागावरून होते, म्हणजे वाफ होण्याचा वेगही त्या मानाने वाढणार. केरसुणी नेमके हेच काम करते!

आता खोली घेऊ, दहा फूट लांब, रुंद आणि उंच. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा सुमारे १४ मिलिग्रॅम पाऱ्याची वाफ सामावते. ३० अंशांना सुमारे ३० मिलिग्रॅम. म्हणजे ही खोली पूर्ण संपृक्त करायला ३० अंशांना ८४० मिलिग्रॅम पारा पुरे, एका थर्मामीटरएवढाच! जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार हवेतील पाऱ्याची वार्षिक सरासरी घनमीटरला एक मायक्रोग्रॅमच्या आत हवी. दोन्ही आकडे शेजारी मांडून मुलांनाच गुणोत्तर काढू द्यावे.

अर्थात प्रत्यक्षात खोली हवाबंद नसते आणि पारा सावकाश उडतो, म्हणून एवढे प्रमाण कधी होत नाही. एक थर्मामीटर फुटला आणि तो लगेच नीट साफ केला तर घाबरण्याचे कारण नाही. मुलाने थेंब गिळला तरी तो बहुधा तसाच शौचावाटे पडतो. आतड्यातून धातुरूप पारा जवळजवळ शोषला जातच नाही. उलट श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात राहते, रक्तातून मेंदूपर्यंत पोचते आणि मूत्रपिंडांत साठते. लोकांना भीती गिळण्याची वाटते. सावध राहायला हवे ते श्वासाबाबत.

पारा गोळा कसा करावा?

प्रथम मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दुसऱ्या खोलीत पाठवावे, पण त्याआधी त्यांच्या पायांना, कपड्यांना पारा लागलेला नाही ना हे पाहावे. आतले दार बंद करून बाहेरची खिडकी उघडावी. पंखा बंद करावा. हातांतील अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात. सोन्याला पारा चटकन चिकटतो. रबरी हातमोजे घालावेत.

केरसुणी वापरू नये. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. त्यातून निघणारी गरम हवा पाऱ्याची वाफ घरभर फवारते आणि ते यंत्रही कायमचे दूषित होते. पोस्टकार्डासारखे दोन जाड कागद घेऊन कडेकडून आत असे मणी हलके ढकलत एकत्र आणावेत आणि ड्रॉपरने उचलावेत. मग खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत जमिनीलगत आडवा टाकावा. न दिसणारे मणी चांदण्यांसारखे चमकू लागतात. ते चिकटपट्टीने टिपावेत. सगळे घट्ट झाकणाच्या बाटलीत, थोड्या पाण्याखाली ठेवावे. वापरलेले कागद, पट्ट्या, मोजे वेगळ्या पिशवीत बांधावेत. मोरीत किंवा संडासात काहीही टाकू नये, कारण पारा नळाच्या वळणात बसून राहतो. गोधडीवर किंवा गालिच्यावर पारा सांडला असेल तर तो भाग कापून काढणेच बरे. धुण्याच्या यंत्रात तो घालू नये. नंतर शक्य तितके दिवस खोलीत वारा खेळू द्यावा.

फटींत गंधकाची पूड टाकण्याचा उपाय पुस्तकांत असतो. त्यामागचे रसायन आपल्या वैद्यांना चांगले परिचित आहे. खलात पारा आणि गंधक घोटून होणारी काळी ‘कज्जली’ हे पाऱ्याचे सल्फाइडच. पण कज्जली करायला कितीतरी वेळ घोटावे लागते हेही वैद्य जाणतात. नुसत्या भुरभुरवलेल्या गंधकाने थेंबावर वरचा थर तेवढा चढतो, आत पारा तसाच राहतो. गंधक टाकून निश्चिंत होऊ नये. आधी पारा उचलावा, गंधक उरल्यासुरल्यासाठी. चमचाभराहून अधिक पारा सांडला असेल तर स्वतः काही न करता दार बंद करून जाणकारांना बोलवावे.

कपाटातील बाटली

जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगाने घडवलेली दुर्घटना १९५६ साली उघडकीस आली. त्या गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर, रक्तदाबमापक यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२० नंतर थांबवावी असे त्यात ठरले. काही देशांनी मुदतवाढ मागून घेतली. म्हणजे नवा पारा घरात येणे थांबत आहे. पण जुना पारा आहे तिथेच आहे, घरच्या फडताळात आणि शाळेच्या कपाटात.

आपल्या प्रयोगशाळेतील कपाट एकदा उघडून पाहावे, अशी आमची शिक्षकमित्रांना विनंती आहे. मागच्या फळीवर जाड काचेची एखादी लहान पण हाताला भलतीच जड बाटली असू शकेल. तिचे बूच घट्ट आहे का, खाली ट्रे आहे का, वर चिठ्ठी आहे का, कपाटाला कुलूप आहे का, हे तपासावे. नोंदवहीत तिचे वजन लिहावे. शाळेला तिची गरज नसेल तर ती कोणाकडे सोपवायची याची चौकशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात मुख्याध्यापकांमार्फत करावी. पारा मुलांना जरूर दाखवावा, पण बंद नळीतला.

त्या काड्यापेटीचे पुढे काय झाले हे आम्हाला आठवत नाही. बहुधा ती वर्गातच कुठेतरी सांडली असेल. त्या वर्गात आमच्यानंतर कितीतरी मुले शिकून गेली.