रंगभूमीवरची स्त्री आणि माजघरांतली स्त्री

आमच्या आजोळीं माजघरांत एक जुनें छायाचित्र टांगलेलें असे. त्यांत आजी लग्नांतल्या शालूंत, कोरीव खुर्चीला टेकून उभी आहे. अंबाड्यावर फुलें, मान किंचित् कललेली, दृष्टि जमिनीकडे. लहानपणीं ती ढब आम्हांस आजीचीच वाटे. पुढें कॉलेजांत असतांना बालगंधर्वांचीं स्त्रीवेषांतील छायाचित्रें पाहण्यांत आलीं, आणि ती मान ओळखीची निघाली. आजीनें जिचा कित्ता गिरविला होता ती स्त्री वस्तुतः पुरुष होती! आजीस हें अर्थातच ठाऊक होतें. तिच्यासारख्या कित्येक घरंदाज बायका नारायणरावांसारखें लुगडें नेसत आणि त्यांच्यासारखीं फुलें माळीत, त्यांनाही ठाऊक होतें. त्यांत कोणास विपरीत असें कांहीं वाटलें नाहीं. तें कां वाटलें नाहीं, हाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांपासून मराठी नाटकांत स्त्रीभूमिका बहुधा पुरुषांकडेच राहिली. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें, भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानें एक पिढी वेडी झाली. आणि १९०५ सालीं नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले. १९११ सालची ‘मानापमाना’ची भामिनी आणि १९१६ सालची ‘स्वयंवरा’ची रुक्मिणी ह्यांच्यामध्यें, १९१३ सालीं, गंधर्व नाटक मंडळी निघाली. हा इतिहास वाचकांच्या परिचयाचाच आहे.

स्त्रीभूमिकेस स्त्री कां नको, तर कुलीन स्त्रीनें चार लोकांपुढें तोंडास रंग लावून उभें राहावयाचें नाहीं, म्हणून. जी उभी राही ती त्याच कारणानें कुलीन उरत नसे. पठ्ठे बापूरावांच्या फडांत पवळा हिवरगांवकरीण नाचत-गात होती. ती त्या काळीं अस्पृश्य गणलेल्या महार समाजांतली, बापूराव जन्मानें ब्राह्मण. तिला पाहावयास पुरुषांची गर्दी लोटे. पण आपल्या सुनेनें पवळेसारखें नेसावें, असें त्या गर्दींतल्या कोणा गृहस्थाच्या स्वप्नांतही आलें नसेल. जातीची भिंत येथें स्त्रीत्वाच्या आड उभी होती. पवळा स्त्री असून ‘आदर्श स्त्री’ होऊं शकत नव्हती. नारायणराव पुरुष असून होऊं शकत होते. दादासाहेब फाळक्यांना १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळाली नाहीं, आणि साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसवावें लागलें, त्याच्या मुळाशींही हीच गोष्ट होती.

ह्याच्या उलट अंगाचाही विचार केला पाहिजे. रंगभूमीनें स्त्रीची टवाळीही पुष्कळ केली. १८८६ सालीं नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी-शिक्षण-नाटिका’ निघाली. शिकलेली मुलगी घर बुडविणार, हा तिचा सूर. परंतु टवाळीस उत्तर देतां येतें. पुण्यांत मुलींचें हायस्कूल १८८४ सालींच उघडलें होतें, तें चालूच राहिलें. आणि ताराबाई शिंद्यांनीं तर त्याही आधीं, १८८२ सालीं, ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रीला बदनाम करणाऱ्या लेखकांची झाडाझडती घेतली होती. आमच्या मतें टवाळीपेक्षां गौरवाचें बंधन अधिक बळकट. जें चित्र पाहून डोळे भरून येतात, त्याच्याशीं भांडणार कोण?

१९१९ सालीं गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. नाटककाराचा रोख दारूवर होता, ह्यांत शंका नाहीं. पण प्रेक्षक घरीं घेऊन गेले ती सिंधू. भरजरी शालूंबद्दल प्रसिद्ध असलेले बालगंधर्व ठिगळें लावलेल्या लुगड्यांत जात्याशीं बसले, आणि त्या ठिगळांनाही शोभा आली. दारुड्या पतीच्या हातून मूल मरतें, स्वतःवर प्राणांतिक घाव बसतो, आणि मरतां मरतां सिंधू पोलिसांपुढें खोटें बोलून त्यालाच वांचवूं पाहते. त्याच नाटकांत तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. शहाणपण कोणाच्या वागण्यांत, हें कोणीही सांगेल. परंतु गीता विनोदाच्या वांट्यास गेली, आणि तो अमृतासारखा स्वर लाभला सिंधूला.

आजीच्या धाकट्या जावेचा नवरा पीत असे, आणि पिऊन आला म्हणजे हात उचलीत असे. एकदां ती माहेरीं निघून जावयास उठली, तेव्हां घरांतल्या वडील बायकांनीं तिला शास्त्रवचन सांगितलें नाहीं कीं मनूचें नांव घेतलें नाहीं. ‘अग, सिंधूनें काय सोसलें नाहीं?’ एवढेंच म्हणाल्या. ती राहिली. हें आजीनेंच आम्हांस सांगितलें. सांगतांना तिचा स्वर अभिमानाचा होता कीं खेदाचा, हें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं आणि आजही निश्चित सांगतां येत नाहीं. गडकऱ्यांना वा नारायणरावांना आम्ही ह्याबद्दल दोषी धरीत नाहीं. कलावंताचें काम तन्मय होण्याचें. त्या तन्मयतेचा उपयोग माजघरांत कशासाठीं होईल, हें त्याच्या हातीं नसतें.

पुढें बायका रंगभूमीवर आल्याच. हिराबाई बडोदेकरांनीं नाटकांत भूमिका केल्या, तिकीट लावून जलसे केले. परंतु बैठकींत त्या बसत त्या अंगभर पदर घेऊन, हातवारे न करितां, एखाद्या मध्यमवर्गीय गृहिणीसारख्या. १९३३ सालीं नाट्यमन्वंतराच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकांत ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, आणि १९४२ सालीं ‘कुलवधू’ तर त्यांच्याच भूमिकेनें गाजलें. नाटकाचें तें नांवच पाहा! नटीला लोकांपुढें यावयाचें तर कुलवधूचा शिक्का बरोबर आणावा लागे, आणि तो शिक्का कसा दिसतो हें प्रेक्षकांच्या मनांत एका पुरुषानें आधींच ठरवून ठेविलें होतें. १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ चित्रपटांत बालगंधर्व एकनाथ झाले, म्हणजे पुरुषवेषांत दिसले. पण चाहत्यांना तेंच परकें वाटलें.

आजी नव्वदीच्या घरांत गेली. शेवटच्या वर्षांत दूरदर्शनवर एकदां ‘स्वयंवर’ लागलें असतां रुक्मिणीच्या भूमिकेंत एक चांगली गाणारी बाई होती. आजी थोडा वेळ पाहत राहिली, मग आम्हांस म्हणाली, ‘गाते बरी, पण बायकांना तें बाईपण कांहीं साधत नाहीं बघ.’