मिनिएचर पेंटिंग आणि डायोरामा म्हणजे काय? दिवाळीच्या किल्ल्याशी या छंदाचं काय नातं आहे?

नवरात्र संपली की वसई-विरारच्या बाजारांत रस्त्याकडेला मातीचे मावळे दिसायला लागतात. भालदार, तुतारीवाला, तोफा, गवळण, सिंह आणि या सगळ्यांच्या मधोमध सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज. वसई पूर्वेला वालीवसारख्या भागात एका बाजूला कारखान्यांचे गाळे आणि दुसऱ्या बाजूला चाळी आणि नव्या इमारती आहेत. तिथेही मुलांना जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात चार फूट जागा मिळाली की विटा आणि गोणपाट गोळा व्हायला सुरुवात होते.

याच वेळी घरातला एखादा कॉलेजला जाणारा मोठा भाऊ टेबलावर दिवा लावून इंचभर उंचीच्या प्लास्टिकच्या योद्ध्याला बारीक ब्रशनं रंग देत बसलेला असू शकतो. योद्ध्याच्या हातात कुऱ्हाड आणि समोर ड्रॅगन. घरच्यांना हा परदेशी आणि महागडा नाद वाटतो. खरं पाहिलं तर खाली अंगणात धाकटा जे करतोय, तेच हा टेबलावर करतोय. फरक आहे तो आकाराचा, साहित्याचा आणि गोष्टीचा.

हा छंद नेमका काय आहे, तो कुठून आला आणि सुरू करायचा तर काय लागतं, ते समजून घेऊया.

मिनिएचर आणि डायोरामा म्हणजे काय?

मिनिएचर म्हणजे माणूस, प्राणी, वाहन किंवा काल्पनिक जीव यांची लहान प्रतिकृती. अशा प्रतिकृती एखाद्या प्रसंगात मांडल्या, त्यांच्या आजूबाजूला जमीन, झाडं, भिंती, पाणी उभं केलं की डायोरामा तयार होतो. मराठीत यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे: देखावा.

'डायोरामा' हा शब्द रूढ झाला तो १८२२ साली पॅरिसमध्ये. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर यानं भव्य पडद्यांवर चित्रं रंगवून त्यांवर प्रकाशाचे खेळ दाखवणारं एक नाट्यगृह सुरू केलं होतं. त्याचं नाव डायोरामा. पुढे संग्रहालयांनी हा शब्द काचेच्या पेटीतल्या त्रिमितीय देखाव्यांसाठी वापरायला सुरुवात केली आणि तोच अर्थ टिकला.

ड्रॅगन आणि जादूगार यात कुठून आले?

लहान सैनिक मांडून लढाई खेळण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियमच मांडले होते. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. त्यात खेळाडू योद्धा, चेटकीण, चोर अशी पात्रं घेतात. मग या पात्रांच्या छोट्या मूर्तींची मागणी वाढली. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीनं 'वॉरहॅमर' आणला आणि १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००'. या खेळांत मूर्ती सुट्या भागांत आणि बिनरंगी मिळतात. त्या जोडायच्या आणि रंगवायच्या खेळाडूनंच. हळूहळू अनेकांना खेळापेक्षा रंगवण्यातच जास्त मजा यायला लागली आणि तो स्वतंत्र छंद झाला.

मग महाराष्ट्रात हे नवीन आहे का?

अजिबात नाही. वसईत तर वर्षातून तीन वेळा देखावे उभे राहतात.

पहिला गणपतीत. घरगुती आरासीपासून मंडळांच्या हलत्या देखाव्यांपर्यंत छोटी-मोठी पात्रं मांडून गोष्ट सांगितली जाते.

दुसरा दिवाळीत, किल्ल्याचा. दगड-विटांचा ढीग, त्यावर मातीच्या चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेलं 'जंगल', पुठ्ठ्याचा दरवाजा, रंगीत भुशाचे रस्ते आणि सलाईनच्या नळीतून उडणारं कारंजं. डायोरामाच्या परदेशी पुस्तकांत 'भूभाग तयार करणं' म्हणून जे शिकवतात, ते महाराष्ट्रातली मुलं कोणत्याही पुस्तकाशिवाय करत आली आहेत.

तिसरा नाताळात. वसईच्या ख्रिस्ती गावांमध्ये घरोघरी आणि आळीआळीत येशूजन्माचे गोठे उभारले जातात. भाताचा पेंढा, बांबू, दगड यांचा गोठा आणि त्यात बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, उंटांसह आलेले तीन राजे. या प्रथेचं मूळ इटलीतल्या ग्रेच्चो गावात सापडतं. तिथे १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी गोठ्याचा जिवंत देखावा उभा केला होता.

संग्रहालयांतही ही कला दिसते. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांची वेशभूषा, व्यवसाय आणि खेळ दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आणि देखावे आहेत. गावदेवीतल्या मणिभवनात गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे लहान आकाराच्या गाड्या, रूळ, सिग्नल असं सगळं शहरच चालताना दिसतं.

स्केल म्हणजे काय आणि ते इतकं महत्त्वाचं का?

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती महादरवाजापेक्षा उंच असते आणि शेजारचा सिंह हत्तीएवढा. तिथे ते चालतं, कारण ज्याचं महत्त्व मोठं त्याची मूर्ती मोठी, असा साधा हिशोब असतो. डायोरामात मात्र प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात लहान झालेली असावी लागते. या प्रमाणाला स्केल म्हणतात.

१:३५ म्हणजे मूळ वस्तूचा पस्तिसावा भाग. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस या प्रमाणात साधारण ४.९ सेंटिमीटरचा होतो. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये हे प्रमाण लोकप्रिय आहे. १:७२ मध्ये तोच माणूस २.४ सेंटिमीटरचा होतो. फॅन्टसी मूर्ती बहुतेक वेळा '२८ मिलिमीटर' या मापानं ओळखल्या जातात. हे प्रमाण ढोबळमानानं १:६० धरता येतं. पण या मूर्तींचे डोकं, हात आणि शस्त्रं मुद्दाम जरा मोठी केलेली असतात, म्हणजे लांबूनही ओळखू येतात.

आता याच प्रमाणात रायगड करायचा ठरवला तर? रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर आहे. १:६० मध्ये ती १३ मीटरच्या पुढे जाते, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. म्हणून अख्खा गड कोणी करत नाही. एखादा दरवाजा, एक बुरूज किंवा तटाचा तुकडा निवडला जातो. तटाची भिंत ९ मीटर उंच धरली तर १:६० मध्ये ती १५ सेंटिमीटरची होते आणि टेबलावर आरामात बसते.

वसईकरांसाठी विषयही घराजवळच आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. सुरुंग लावून तट फोडला गेला आणि त्या खिंडारावर निकराची लढाई झाली. फुटलेला बुरूज, चढणारे मराठे आणि वर अडवणारे पोर्तुगीज, एवढा एक प्रसंग ए-थ्री कागदाएवढ्या पाटावर मावतो.

पण यासाठी अभ्यास करावा लागतो. वसईचा किल्ला डोंगरी नाही. तो समुद्र आणि खाडीला लागून सपाट जमिनीवर आहे. तिथे सह्याद्रीचे कडे दाखवले तर देखावा कितीही सुंदर झाला तरी तो वसईचा राहत नाही. तोफा कुठल्या, पोशाख कसे, भिंतीचा दगड कसला, हे शोधताना इतिहास आपोआप वाचला जातो.

मूर्ती रंगवायची कशी?

पद्धत ठरलेली आहे आणि ती मावळ्यालाही लागू पडते.

१. साफसफाई: प्लास्टिकची मूर्ती साच्यातून निघते तेव्हा तिच्या अंगावर जोडाची बारीक रेघ राहते. ती कटरनं हलकेच खरवडायची. वालीव परिसरातल्या मोल्डिंगच्या गाळ्यांत काम करणाऱ्यांना ही रेघ चांगली ओळखीची असते. लोखंडी डायमध्ये वितळलेलं प्लास्टिक दाबानं भरायचं, हे तंत्र बादलीच्या झाकणाला आणि ड्रॅगनला सारखंच आहे.

२. प्रायमर: हा पहिला हात दिला नाही तर रंग नखानं निघतो. स्प्रे प्रायमर सोपा असतो, पण वसईसारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तो खरखरीत किंवा पांढुरका बसतो. तेव्हा ब्रशनं लावायचा प्रायमर बरा. मातीची मूर्ती रंग शोषून घेते, म्हणून तिलाही आधी एक पातळ हात लागतो.

३. मूळ रंग: ॲक्रिलिक रंग पाण्यानं पातळ करून दोन हात द्यायचे. एकच जाड हात दिला तर चेहऱ्याचं नक्षीकाम बुजतं. नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

४. वॉश: गडद, पाण्यासारखा रंग सगळ्या मूर्तीवर फिरवायचा. तो कपड्यांच्या चुण्यांत आणि दाढीच्या रेषांत जाऊन बसतो आणि सावली तयार होते.

५. ड्राय ब्रश: ब्रशवरचा रंग कागदावर जवळपास पुसून टाकायचा आणि उरलेला उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. दगड, चिलखत, केस यांसाठी हा उत्तम उपाय. तटबंदीचा दगड खरा वाटायला लागतो तो याच पायरीला.

६. बारकावे आणि वार्निश: डोळे, पट्टे, शस्त्रांची धार सगळ्यात शेवटी. त्यावर मॅट वार्निशचा हात दिला की हाताळून रंग जात नाही.

खर्च किती येतो?

ब्रँडेड परदेशी मूर्तींचे संच हजारांच्या घरात जातात आणि तिथेच अनेक जण थांबतात. पण सुरुवातीला त्यांची गरज नाही. मातीचा मावळा, मुलांची जुनी प्लास्टिकची खेळणी, स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक रंग आणि दोन बारीक ब्रश पुरतात. देखाव्यासाठी पॅकिंगचा पुठ्ठा, लाकडाचा भुसा, वाळलेल्या काड्या, नारळाच्या शेंड्या आणि सुतारकामाचा डिंक चालतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेनुसार सजावटीसाठी थर्माकोल वापरायला बंदी आहे, त्यामुळे पुठ्ठा आणि कागदाचा लगदा हेच योग्य. आणि तुंगारेश्वरचा डोंगर जवळ असला तरी ते अभयारण्य आहे. तिथून दगड, माती किंवा शेवाळ उचलून आणू नये.

काळजी काय घ्यायची?

स्प्रेचा रंग बंद खोलीत मारू नये, मास्क वापरावा. ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. जुन्या धातूच्या मूर्तींमध्ये शिसं असू शकतं, म्हणून त्या घासताना धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि नंतर हात धुवावेत. हल्ली थ्रीडी प्रिंटरवर रेझिनच्या मूर्ती घरी छापता येतात, पण न सुकलेलं रेझिन त्वचेला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते. हातमोजे आणि खेळती हवा हवीच. कटर आणि रेझिन लहान मुलांच्या हातात देऊ नये.

तयार किल्ले मिळत असताना हे सगळं कशासाठी?

आता बाजारात तयार किल्लेही मिळतात. आणायचा, मावळे ठेवायचे, पणती लावायची. इमारतींमध्ये अंगण उरलेलं नाही, माती विकत आणावी लागते आणि चिखल झाला की सोसायटीत कुरकुर होते. त्यामुळे तयार किल्ला घेणाऱ्या पालकांना दोष देता येत नाही.

पण तयार किल्ल्यात एक गोष्ट मिळत नाही. बुरूज ढासळला की तो पुन्हा कसा उभा करायचा, दरवाजा कुठे ठेवला तर शत्रूला दिसणार नाही, पाणी कुठून आणायचं, हे प्रश्न फक्त बांधणाऱ्यालाच पडतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. हे किल्ले का महत्त्वाचे, हे मुलांना सांगायचं तर त्यांना एक दरवाजा स्वतः बांधायला लावणं हा सोपा मार्ग आहे.

इथेच डायोरामा उपयोगी पडतो. दिवाळीचा किल्ला आठ-दहा दिवसांचा असतो. नंतर माती कुंड्यांत जाते आणि मावळे खोक्यात. पाटावरचा देखावा मात्र कपाटावर वर्षानुवर्षं राहतो, त्याला अंगण लागत नाही आणि दर सुट्टीत त्यात भर घालता येते. फॅन्टसीची आवड असेल तर तीही इथे भागते. बाजारात ड्रॅगन तयार मिळतो. पिंपळावरचा मुंजा किंवा आजीच्या गोष्टीतला खवीस हवा असेल, तर तो स्वतःच घडवावा लागतो.

सुरुवात करायला या दिवाळीचाच मुहूर्त चांगला. सण संपल्यावर मावळे खोक्यात टाकण्याआधी त्यातला एक बाजूला काढायचा, धुऊन-पुसून कोरडा करायचा आणि त्याला पुन्हा एकदा, या वेळी नीट, रंग द्यायचा.