टॉम्बे म्हणजे तांबे?

५ डिसेंबर १९७१, रविवार. ढाक्याहून निघणाऱ्या ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी दिली. त्यात एक नाव होतं फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे.

आपल्याकडे तांबे होते. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, हवाई दलाची ३२ नंबरची स्क्वाड्रन. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध पेटलं. ५ तारखेला पाकिस्तानी पंजाबातल्या शोरकोट रोड विमानतळावर हल्ला करायला तांबे गेले, ते परतलेच नाहीत. पेपरची तारीख आणि विमान पडल्याची तारीख एकच कशी, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण इंग्रजीत तांबे लिहिताना एक अक्षर चुकलं की टॉम्बेच होतं. माझं कामच दोन सिस्टीममधल्या नावांचा मेळ घालायचं. एका अक्षराने नाव जुळलं नाही म्हणून तो माणूसच नाही, असं आम्ही धरत नाही. उघडून बघतो.

तांबे उडवायचे ते सुखोई-७. आजच्या सुखोई-३० वरून अंदाज बांधू नका. हे जुनं सोव्हिएत लढाऊ-बॉम्बर. एक इंजिन, एकच माणूस, इंधन भरपूर पिणारं आणि पल्ला बेताचा. काम काय, तर भरदिवसा खाली येऊन बॉम्ब टाकायचं, म्हणजे जमिनीवरच्या प्रत्येक तोफेच्या टप्प्यात जायचं. मोठ्या बॉम्बरमध्ये सोबती तरी असतात. इथे तुम्ही पडलात तर बघणारे म्हणजे सोबतची विमानं, आणि ती तोवर कुठच्या कुठे पुढे गेलेली.

तांब्यांच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेली.

आता दुसरा मराठी वैमानिक. दिलीप परुळकर, २६ स्क्वाड्रन, विमान तेच सुखोई-७. १० डिसेंबरला ते पाडले गेले, पॅराशूटने उतरले आणि कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी महिनोन्‌महिने भिंत कोरली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह पळाले. पेशावर, जमरूद, लंडी कोतल असं करत अफगाण सीमेच्या अगदी जवळ पोहोचले. तिथे घात केला नकाशाने. नकाशात पुढे ‘लंडी खाना’ नावाचं स्टेशन होतं, म्हणून यांनी तिकडे कसं जायचं ते विचारलं. ते स्टेशन १९३२ मध्येच बंद झालेलं! चाळीस वर्षं कुणी डेटा अपडेट केला नाही, आणि तिघं पकडले गेले.

पण त्याहून मोठी गोष्ट मला पुढची वाटते. पकडणाऱ्यांच्या मनात हे हेर. परुळकरांनी गळ घातली, आमच्या छावणीच्या आधीच्या प्रमुखांना फोन लावा. फोन लागला. पलीकडच्याने ओळख पटवली: हे आमचेच युद्धकैदी. तिघं वाचले. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून सगळे घरी परतले. तांबे त्या दिवशी आले नाहीत. त्यांच्यासाठी असा फोन उचलणारं कुणी निघालं नाही.

भारताच्या ताब्यात तेव्हा ९३ हजारांच्या आसपास पाकिस्तानी कैदी होते. ते पुढे परत गेले. आपले हरवलेले मात्र यादीत राहिले. १९७९ मध्ये लोकसभेत ४० जणांची नावं सांगितली गेली, पुढे हा आकडा ५४ झाला. मेजर अशोक सुरी यांची हस्ताक्षरातली पत्रं घरच्यांना १९७४-७५ मध्ये मिळाली होती. पाकिस्तानचं उत्तर कायम एकच: आमच्याकडे कुणी नाही.

आमच्याकडे उमापूरला माणूस गेला की पुढची धावपळ कागदाची. दाखल्याशिवाय वारस लागत नाही, वारस लागल्याशिवाय सातबारावर नाव चढत नाही. सात वर्षं ठावठिकाणा नसला तर कायदा माणसाला मृत धरू शकतो, ही वाटही गावातल्या जुन्या लोकांना ठाऊक असते. सैनिकाच्या बायकोला ती वाट सोपी नाही. मृत म्हटलं तर शोध संपतो. जिवंत म्हटलं तर पुरावा मागतात, आणि पुरावा म्हणजे चुकलेल्या स्पेलिंगचं एक कात्रण. दमयंतीबाईंनी मृत म्हटलं नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी करत त्या मंत्रालयांचे उंबरठे झिजवत राहिल्या. मला विचाराल तर या युद्धातली सर्वांत लांब लढाई त्यांचीच, आणि शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळही नाही.

१९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगात जाऊन आले. २००७ मध्ये १४ जण पुन्हा पाकिस्तानातले तुरुंग बघून आले. कुणीच सापडलं नाही. २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हा विषय आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या असं केंद्राला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याजवळ गेले, वयाच्या ८२ व्या वर्षी. बातमीत तारीख, वय, कारण, सगळं होतं. तांब्यांच्या नावापुढे अजूनही ५ डिसेंबर १९७१ एवढंच, आणि शेजारी ‘बेपत्ता’.